आखणी कोण करणार?

(हमरापूर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मी रोह्याची. सकाळच्या गाडीने नागोठणं, कासू, पेण करत हमरापूरला उतरले. व्याख्यान संध्याकाळी, पण ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे, त्या सरांच्या गावात आपण दिवसभर असावं असं मनात होतं. सरांनी या पंचक्रोशीत पुस्तकांची पेटी फिरवली. सायकलच्या कॅरिअरला बांधलेली ती पत्र्याची पेटी इथल्या पुष्कळांना आठवत असेल. त्या पेटीतून वाचायला लागलेली मुलं आता लिहायला लागली आहेत. त्यांतल्याच काहींची पत्रं मला गेल्या वर्षभरात आली आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता. पुस्तक प्रकाशकाकडे द्यावं की स्वतःच काढावं? आजचा विषय त्या पत्रांनी दिला आहे.

सकाळी मी एका कारखान्यात तासभर बसले. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावं वर्षभर गणपती घडवतात. गणेशोत्सव संपला की पुढच्या वर्षाचे साचे भरायला लागतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. एक गृहस्थ लाकडी पाटावर बसून डोळ्यांची आखणी करत होते. मूर्ती हातभर उंचीची, रंगवून वाळलेली, फक्त डोळे राहिलेले. आधी भुवई, मग वरच्या पापणीची रेघ, मग बुबुळ. बुबुळाला कुंचला टेकवताना त्यांनी श्वास धरला. मीही नकळत धरला. रेघ पुरी झाली, त्यांनी पाट अर्धा फिरवला आणि समोरून पाहिलं. मग दुसरा डोळा. तोपर्यंत जी मातीची आकृती होती ती माझ्याकडे बघायला लागली.

कारखान्याचे मालक शेजारी उभे होते. साचा त्यांचा, रंगकाम त्यांचं, हात उत्तम. मी विचारलं, आखणी तुम्ही करत नाही? ते म्हणाले, "करतो कधी कधी. पण आपला गणपती आपल्याला वाकडा दिसत नाय, ताई. दुसऱ्याची नजर लागते."

हे वाक्य मी दिवसभर जवळ बाळगलं आहे. आज मला जे सांगायचं आहे, ते त्यांनी आधीच सांगून टाकलं.

पुस्तक कुठल्या मार्गाने निघालं यापेक्षा दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. छापण्याआधी परक्या नजरेने ते कुणी वाचलं? आणि छापल्यानंतर ते कुणी सांभाळलं? प्रकाशक ही दोन कामं करत असेल तर तो प्रकाशक. करत नसेल तर तो छापखान्याचा मध्यस्थ. आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही ही दोन्ही कामं चुकत नाहीत.

याचं उदाहरण शोधायला मला पेण तालुक्याबाहेर जावं लागलं नाही. वरसई इथून फार दूर नाही. तिथले विष्णुभट गोडसे, घरावर कर्ज, भिक्षुकी करून पोट भरणारे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, भरपूर दक्षिणा मिळेल असं ऐकून ते १८५७ साली काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि थेट बंडाच्या धुमाळीत सापडले. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते आतच होते. शहर लुटलं गेलं, माणसं कापली गेली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. कमावलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली. आई-वडिलांसाठी गंगेची कावड मात्र घेऊन ते घरी पोचले. पुढे पंचवीसएक वर्षांनी, भारताचार्य चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून, १८८३च्या सुमारास त्यांनी ही हकीकत लिहून काढली.

आता इथे जरा थांबा. वरसईचा एक भिक्षुक, ज्याला लेखक व्हायचं नव्हतं, झाशीच्या आतून लिहितो आहे. असा मराठी मजकूर दुसरा नाही. आणि तो छापायचा कुणी? इंग्रजांचं राज्य. त्या वर्षांबद्दल असं लिहिणं भटजींना धोक्याचं आणि छापणाऱ्यालाही. वैद्यांनी हस्तलिखित जपून ठेवलं आणि १९०७ साली 'माझा प्रवास' प्रसिद्ध केलं. भटजी तेव्हा हयात नव्हते.

वैद्य नसते तर हे पुस्तक आपल्याला मिळालं नसतं. त्यांनी लिहायला लावलं, सांभाळलं, योग्य वेळ पाहून छापलं. प्रकाशकाने आणि संपादकाने करावं ते बहुतेक सगळं एका माणसाने केलं. पण त्यांनी आणखीही काही केलं. भटजींची भाषा त्यांनी आपल्या काळाच्या वळणाची केली, मजकूर कापला, रचना बदलली, गोष्टीसारखा ओघ आणला. मराठी वाचकाने जवळजवळ साठ वर्षं जे वाचलं, ते वैद्यांच्या हाताखालून गेलेले गोडसे होते. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात होतं म्हणून वाचलं. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली ते होतं तसं प्रसिद्ध केलं, तेव्हा वरसईच्या माणसाचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

दोन्ही पाठ मी शेजारी ठेवून वाचले आहेत. वैद्यांचा पाठ सरळ, चटकन वाचून होणारा. मूळ पाठ अडखळवतो, पण त्यात माणूस आहे. अन्नाची, विटाळ-सोवळ्याची, दक्षिणेच्या हिशेबाची चिंता करणारा, घाबरणारा, आणि तरीही सगळं पाहून ठेवणारा माणूस. मला मूळ पाठ जास्त प्रिय आहे. तरीही वैद्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. परक्या नजरेचं बळ आणि परक्या हाताचा धोका, दोन्ही या एका पुस्तकात आहेत. लेखकाला ती नजर हवी असते. पण त्या नजरेखाली आपला मजकूर सही करून परत घ्यायला तो जिवंत हवा, हजर हवा. भटजींना ती संधी मिळाली नाही. तुम्हाला ती आहे.

परकी नजर नकारही देते. आणि सगळेच नकार पुस्तकाच्या भल्याचे नसतात. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. कमिटीने ते नाकारलं. त्यात नाटकाचं गुणदोषविवेचन नव्हतं. नाटकात ज्यांच्यावर बोट ठेवलं होतं त्यांचेच लोक कमिटीत होते. ते नाटक छापून यायला १९७९ साल उजाडावं लागलं. 'ब्राह्मणांचे कसब' मग फुल्यांनी १८६९ साली स्वतःच्या खर्चाने छापलं. आणि नकार फक्त परक्यांकडूनच येतो असंही नाही. 'शेतकऱ्याचा असूड'ची पहिली प्रकरणं 'दीनबंधू'त आली, पण पुढची छापायला त्याचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे धजावले नाहीत. ते तर चळवळीतलेच, घरचेच. दार बंद होतं तेव्हा स्वतःच्या खर्चाने काढलेलं पुस्तक हा नाइलाज नसतो. तोच खरा मार्ग असतो. मराठीत स्वप्रकाशनाची परंपरा अशी धारदार आहे. कुणी त्याला कमीपणाचं म्हणत असेल तर त्याला फुल्यांचं नाव सांगा.

मग नकार कुठल्या जातीचा आहे हे ओळखायचं कसं? मी एक खूण सांगते. चांगल्या नकाराला पान क्रमांक असतात. "बत्तिसाव्या पानावर ही बाई अचानक इतकी शहाणी कशी झाली?" असं कुणी विचारलं तर त्याचे उपकार माना. नुसतं "आमच्या यादीत बसत नाही" असं आलं तर पुढच्या दारी जा. आणि चार दिवसांत "अप्रतिम! छापू या, एवढे पैसे पाठवा" असं उत्तर आलं, तर तिथून उठा.

हे मी अनुभवाने बोलते आहे. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा पहिला कथासंग्रह तयार होता. शाळेत नोकरी करत होते. एका शहरातल्या प्रकाशकाचं पत्र आलं, आठवड्यात, कौतुकाने भरलेलं. अठ्ठावीस हजार रुपये मागितले होते. मी प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतली. करारपत्र नाही, प्रुफं एकदाच आली. पुस्तक हातात आलं तेव्हा मी आधी वास घेतला, मग मागची बाजू पाहिली. मलपृष्ठावरच्या मजकुरात माझ्या मुख्य कथेतल्या बाईचं नाव चुकलं होतं. त्या क्षणी कळलं, हे पुस्तक कुणी वाचलेलंच नाही. पैसे घेणाऱ्याने नाही, जुळणी करणाऱ्यानेही फक्त अक्षरं लावली.

हजार प्रतींपैकी सातशे महिन्याभरात टेम्पोने घरी आल्या. विकल्या जात नाहीत म्हणून. त्या कुठल्या दुकानात गेल्याच नव्हत्या असं नंतर समजलं. आम्ही गठ्ठे माळ्यावर टाकले. रोह्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या पावसाळ्यात मी एक गठ्ठा खाली काढला. सुतळी सोडली, खाकी कागद बाजूला केला, तर वरच्या प्रतीचं मुखपृष्ठ जसंच्या तसं, आणि आत बोट घातलं तर मातीची नळी. वाळवीने बरोबर मधली पानं पोखरून नेली होती. आईने कडुलिंबाचा पाला ठेवला होता, त्याचा चुरा हाताला लागला. मी बराच वेळ माळ्यावरच बसून राहिले. दुःख पैशांचं नव्हतं. त्या कथा मी आज वाचते तेव्हा दिसतं, की सातांपैकी चार कथा कुणीतरी परत लिहायला लावायला हव्या होत्या. त्या झाल्याही असत्या चांगल्या. आता ते वय आणि ती माणसं माझ्या हातात नाहीत.

म्हणून माझा राग स्वप्रकाशनावर नाही आणि प्रकाशकांवरही नाही. राग या मधल्या प्रकारावर आहे. खर्च लेखकाचा, जोखीम लेखकाची, नाव मात्र प्रकाशनसंस्थेचं, आणि वाचणारा कुणीच नाही. इथे स्वतःच्या पुस्तकावरचा ताबाही जातो आणि प्रकाशकाची मेहनतही मिळत नाही. आता ऑनलाइन 'पॅकेज' नावाने हेच विकलं जातं. सोन्याचं, चांदीचं, हिऱ्याचं पॅकेज. त्यांत संपादन कुठे आहे, ते किती पानांचं, कोण करणार, हे विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला की समजा.

खरा प्रकाशक काय करतो ते पाहायचं असेल तर ह. वि. मोटे यांच्याकडे पाहा. १९३३ साली त्यांनी 'कळ्यांचे निःश्वास' काढलं. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित मुलींच्या मनातलं त्या कथांत इतकं उघडं होतं, की महाराष्ट्र खवळला. ही बाई कोण, बाईच आहे की पुरुष, याचा शोध लोक घेत होते. मोट्यांनी ते नाव बाहेर फुटू दिलं नाही. पुढे आपल्याला त्या मालतीबाई बेडेकर म्हणून कळल्या. असं पुस्तक एकट्या स्त्रीने १९३३ साली आपल्या पत्त्यावर छापलं असतं तर दगड तिच्या दारावर आले असते. प्रकाशक मध्ये उभा राहिला. ढाल होणं हे रॉयल्टीच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

आता तो तक्ता. बायांनो, विशेषतः तुम्ही हा हिशेब घरी जाऊन स्वतः मांडा. आकडे मी उदाहरणापुरते धरते. समजा एकशे साठ पानांचं, म्हणजे दहा फर्म्यांचं पुस्तक. किंमत २५० रुपये. पाचशे प्रती, छपाई-बांधणी प्रतीला ९० रुपये, एकूण ४५,०००. प्रकाशकाने स्वतःच्या पैशाने काढलं आणि तुम्हाला दहा टक्के दिले, तर प्रतीमागे २५ रुपये. साडेतीनशे खपल्या तर ८,७५०. स्वतः काढलं तर? दोनशे प्रती तुम्ही हातोहात, ओळखीत, संमेलनाच्या दारात विकल्या, पूर्ण किमतीला. पन्नास हजार. दीडशे दुकानांतून गेल्या, दुकानाला चाळीस टक्के, तुम्हाला प्रतीला दीडशे, म्हणजे साडेबावीस हजार. एकूण ७२,५००. छपाई वजा केली तर २७,५००. वाटतं, केवढा फरक! पण त्यातून संपादक, मुद्रितशोधक, डीटीपी, मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराचे वीस हजार प्रामाणिकपणे द्या. हातात उरले साडेसात हजार, आणि दीडशे प्रती माळ्यावर. शिवाय त्या दोनशे प्रती विकायला तुम्ही घालवलेले रविवार.

बहुतेक जण ते वीस हजार देत नाहीत. तिथे पैसे वाचतात आणि पुस्तक बुडतं. हाच तो आखणीचा खर्च.

मागणीनुसार एकेक प्रत छापण्याची सोय आता आली आहे. प्रत महाग पडते, पण माळा लागत नाही, आणि टेम्पोही येत नाही. २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकं येतात, तिथे छपाईचा खर्चच नाही. मला ही सोय फार मोठी वाटते. गावात दुकान नसलं तरी पुस्तक अमेरिकेतल्या मराठी घरात त्याच दिवशी उघडतं. माझ्या वेळी हे असतं तर मी वाळवीला सातशे प्रती दिल्या नसत्या. पण यंत्र नकार देत नाही. बत्तिसाव्या पानाबद्दल ते काही विचारत नाही.

कराराबद्दल थोडं, कारण इथे माणसं फसतात. १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूचा आहे, फक्त लेखकाला तो माहीत नसतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच दिले असं कायदा धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. प्रकाशकाने हक्क घेऊन ते वर्षभरात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नसेल तेव्हा ते हक्क संपतात. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो, म्हणून "सर्व हक्क कायमस्वरूपी" या तीन शब्दांखाली सही करण्याआधी आपल्या नातवंडांची आठवण काढा. आयएसबीएन आपल्याकडे सरकार फुकट देतं, लेखकाला स्वतःच्या नावावरही मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. आणि पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत ठरलेल्या आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची, हा १९५४चा कायदा आहे. स्वतः काढणारे बहुतेक जण ती पाठवत नाहीत.

ती पाठवाच. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. त्या पुस्तकावर टीकेचे घाव पडले. फुल्यांनी 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. मग पुस्तक दिसेनासं झालं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं १९७५ साली. त्र्याण्णव वर्षं! या बाईने जे लिहिलं ते माझ्या आजीच्या हाती पडायला हवं होतं. पडलं असतं तर आमच्या घरातल्या किती गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या, हा विचार मला अजून सोडत नाही. पुस्तक छापणं ही एका दिवसाची गोष्ट. त्याला दुसरी आवृत्ती देणारा, यादीत ठेवणारा, ग्रंथालयात पोचवणारा कुणी नसेल तर ते छापूनही न छापल्यासारखं होतं.

आणि सांभाळणारा दुकानदारच असला पाहिजे असं नाही. तुमच्याच तालुक्यातलं गागोदे. विनोबांचं जन्मगाव. १९३२ साली त्यांची 'गीताई' निघाली. आईच्या इच्छेखातर ती मराठीत आली आणि व्यापारी प्रकाशनाच्या वाटेला न जाता माणसांच्या हातांनी घरोघर गेली. पवनारचं परंधाम प्रकाशन ती आजही काढतं. किंमत अगदी कमी, कारण ती वाचली जावी हाच हेतू. तिच्यामागे खपाची यंत्रणा नव्हती, चालणारी माणसं होती. तशी माणसं ज्याच्याकडे आहेत त्याने स्वतः काढावं.

चौघा कवींनी मुंबईत हेच वेगळ्या रीतीने केलं. अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल यांनी १९७६ साली क्लिअरिंग हाउस काढलं आणि एकमेकांची पुस्तकं छापली. कोलटकरांचं इंग्रजी 'जेजुरी' तिथूनच आलं. त्यांची मराठी 'अरुण कोलटकरच्या कविता' पुढच्या वर्षी अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने काढली. ही पुस्तकं हातात घेतली की कळतं, कागदापासून अक्षरापर्यंत कुणीतरी जीव लावला आहे. चौघे होते, म्हणून प्रत्येकाला तीन वाचक आयते होते. नकार देऊ शकणारे तीन वाचक. मला हा नमुना हमरापूरसाठी फार योग्य वाटतो.

कारण सहकार तुम्हाला शिकवायला नको. व्यापारी कच्च्या, पांढऱ्या मूर्ती उचलून नेतात, रंग दुसरीकडे चढतो आणि भाव तिथे मिळतो, हे दुखणं इथे प्रत्येक घराला माहीत आहे. आपल्याच गावात रंगवून, आखणी करून, आपल्या नावाने पाठवायला ज्यांनी सुरुवात केली त्यांनी काय काय सोसलं, तेही माहीत आहे. कच्चं पुस्तक दुसऱ्याच्या दारात ठेवू नका. आणि न आखलेलं पुस्तक स्वतःच्या दारातून पाठवू नका.

म्हणून एक विनंती करते, आणि थांबते. इथे लिहिणारे सहा-सात जण आहेत हे मला पत्रांवरून ठाऊक आहे. मी आज मुक्कामाला आहे. उद्या सकाळी आठ वाजता याच सभागृहात बसणार आहे. हस्तलिखित आणा, कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेलं, डाव्या हाताला चार बोटं समास सोडलेलं. प्रत्येकाने दुसऱ्याचं घ्यायचं, स्वतःचं नाही. पेन्सिली मी आणल्या आहेत, सगळ्यांना पुरतील एवढ्या. पहिल्या दहा पानांत जिथे अडाल तिथे रेघ मारायची आणि बाजूला फक्त पान क्रमांक आणि प्रश्न लिहायचा. दुपारच्या गाडीपर्यंत जेवढं होईल तेवढं करू.